वेगवान स्टेजसाठी पेसनोट्स: लिहायच्या कशा, वाचायच्या कधी

रॅलीचे ऑनबोर्ड व्हिडिओ पाहिले की पहिला प्रश्न हाच पडतो: शेजारी बसलेला माणूस इतकं भराभर काय बडबडतोय, आणि चालवणाऱ्याला त्यातलं कळतंय तरी किती? त्याला सगळं कळतंय, कारण ते शब्द त्याचेच आहेत. स्पर्धेच्या एक-दोन दिवस आधी याच रस्त्यावरून सावकाश जाताना त्याने ते सांगितले आणि शेजारच्याने वहीत उतरवून घेतले. याच पेसनोट्स. हा शेजारचा म्हणजे को-ड्रायव्हर, आपल्याकडच्या बोलण्यात नॅव्हिगेटर. स्टेजवर, म्हणजे स्पर्धेसाठी बंद केलेल्या रस्त्यावर, तो ड्रायव्हरचंच बोलणं त्याला परत ऐकवतो, नेमक्या वेळी.

नवख्यांचं लक्ष बहुतेक वेळा चुकीच्या जागी असतं. हेअरपिन, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो ते वळण, कुठे आहे, चौकातून कुठे वळायचं, याची त्यांना फार काळजी. पण हेअरपिन डोळ्यांना दिसते, गाडी तिथे हळूच असते, नोट चुकली तरी दोन-चार सेकंदांवर भागतं. ताशी १४०-१५० किलोमीटरने जाताना ‘सहा’, म्हणजे जवळजवळ सरळ, म्हणून घेतलेलं वळण प्रत्यक्षात त्याहून घट्ट ‘पाच’ निघालं, तर सेकंद जात नाहीत, गाडी जाते. त्यामुळे वहीतली बहुतेक मेहनत वेगवान वळणांवर आणि चढाच्या माथ्यांवर खर्च करायची. खाली जे काही आहे ते याच हिशोबाने लिहिलं आहे.

मुंबईतली बहुतेक मंडळी या नादाला टीएसडी रॅलीतून लागतात, म्हणजे ठरलेली सरासरी राखत ठरलेल्या वेळी पोहोचायच्या स्पर्धांतून. मुंबईला रॅलीचं वेड नवं नाही; इथल्याच नाझिर हुसेन यांनी १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू केली होती. पण टीएसडीचा नॅव्हिगेटर गणित करतो; त्याच्यापुढे घड्याळ, अंतर मोजणारा ट्रिपमीटर आणि सरासरीचा तक्ता असतो. स्टेज रॅलीत रस्ता बंद केलेला असतो, सगळ्यात कमी वेळ काढणारा पुढे, आणि तिथे नॅव्हिगेटरचं काम रस्ता वाचून दाखवण्याचं. टीएसडीत मुरलेल्या माणसाला वेळेची शिस्त असते, ती उपयोगी पडते. पेसनोट्स मात्र त्याला पहिल्यापासून शिकाव्या लागतात.

आधी आकडे ठरवा

सगळ्यात रुळलेली पद्धत एक ते सहाची. सहा म्हणजे जवळजवळ सरळ, एक म्हणजे अगदी घट्ट वळण, आणि हेअरपिन व काटकोनी वळणाला वेगळी नावं. काही जण हीच शिडी उलटी लावतात, म्हणजे एक सगळ्यात वेगवान. काही जण गिअरचा आकडा सांगतात, काही वळणाचे अंश. कोणतीही पद्धत चालते, पण गिअरची पद्धत नवख्याने टाळावी असं माझं मत आहे. गाडी बदलली, गिअरबॉक्स बदलला की आकड्यांचा अर्थ बदलतो आणि जुनी वही रद्दीत जाते.

आकडा नेमका कशाचा? वळणाच्या आकाराचा. तो ठरवायला स्टिअरिंगचा आधार घ्या. चाकं सरळ असताना स्टिअरिंगच्या माथ्यावर रंगीत टेपचा एक तुकडा चिकटवा. वळण घेताना टेप किती फिरली ते पाहा. थोडीशी सरकली तर सहा, त्याहून जरा जास्त तर पाच, घड्याळातल्या तीनच्या जागी पोहोचली तर दोन किंवा तीन, जे तुमचं ठरेल ते. ठरलेलं कागदावर लिहून काढा आणि ड्रायव्हर-नॅव्हिगेटर दोघांनी पाठ करा. मधल्या छटांसाठी अधिक-उणे आहेच: ‘पाच अधिक’, ‘सहा उणे’. सुरुवातीला अधिक-उणे फक्त चार, पाच आणि सहासाठीच वापरा. खालच्या आकड्यांना त्याची फारशी गरज पडत नाही.

आकड्यानंतर येते लांबी. वेगवान स्टेजवर लांबीला आकड्याइतकीच किंमत आहे. छोटा पाच सहज निघून जातो. लांब पाच मध्यावर आल्यावर संपतच नाही आणि गाडी बाहेर सरकत राहते. त्यानंतर वळण पुढे आवळतं की सैलावतं, म्हणजे टाइटन्स की ओपन्स. आवळणारं वेगवान वळण ही या खेळातली सगळ्यात दगाबाज गोष्ट, कारण आत शिरताना ते अगदी सभ्य दिसतं.

आपल्याकडे नोट्स साधारण इंग्रजीतच वाचल्या जातात. गौरव गिलने २०१३ आणि २०१६ मध्ये आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद जिंकलं तेव्हा शेजारी ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅकनील होता. अशा जोडीला दुसरा मार्गही नसतो. घरचीच जोडी असेल तर डावा-उजवा म्हणा नाहीतर लेफ्ट-राइट, पण एकदा ठरलं की स्पर्धेच्या मध्यात बदल नको. एक नियम मात्र कधीही मोडू नका: वळणाचा आकडा दिशेच्या किंवा ‘टाइटन्स’सारख्या शब्दाच्या मागोमागच यायला हवा. नुसता मोकळा आकडा ऐकू आला की ते अंतरच समजायचं.

अंतराचा अंदाज

दोन वळणांमधलं अंतर मीटरमध्ये लिहितात: ३०, ५०, ८०, १००, १५०, २००. वीस मीटरपेक्षा कमी असेल तर आकडा लिहीत नाहीत, ‘इनटू’ म्हणतात, म्हणजे एकातून थेट दुसऱ्यात. रेकीच्या, म्हणजे स्टेजच्या पाहणीच्या, गाडीत ट्रिपमीटर असतो, पण प्रत्येक तुकडा मोजत बसायला वेळ मिळत नाही, त्यामुळे नजर तयार करावी लागते. मुंबईकराला याची सोय फुकट आहे. लोकलचा एक डबा साधारण वीस मीटरचा. पाच डबे म्हणजे १०० मीटर. फलाटावर उभं राहून रोज थोडा वेळ पुढच्या खांबापर्यंत, पुलापर्यंत, इंडिकेटरपर्यंत किती डबे मावतील याचा अंदाज बांधा आणि गाडी आली की पडताळून पाहा. थोड्याच दिवसांत १०० आणि १५० मधला फरक डोळ्यात बसतो.

हा फरक का महत्त्वाचा, ते साध्या भागाकाराने कळतं. ताशी १५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५०. तुम्ही १०० लिहिलं आणि प्रत्यक्षात रस्ता ५० चा निघाला, तर ड्रायव्हरचा पूर्ण एक सेकंद तुम्ही खाल्लात.

रेकी: पहिली फेरी

रेकी म्हणजे स्टेजची पाहणी. किती फेऱ्या मारायच्या ते स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत असतं. जागतिक स्पर्धांत प्रत्येक स्टेजसाठी दोन फेऱ्या मिळतात, आणि नवख्याने दोनच मिळणार हे धरून चालावं. रस्ता तेव्हा बंद नसतो. समोरून एसटी येते, शेळ्या येतात, ट्रॅक्टर येतो. वेगमर्यादा पाळावी लागते आणि ती मोडली तर दंड होतो.

पहिल्या फेरीत ड्रायव्हर बोलतो, नॅव्हिगेटर लिहितो. ड्रायव्हरने एका लयीत बोलायचं आणि दर वेळी त्याच क्रमाने: अंतर, दिशा, आकडा, लांबी, पुढे काय होतं, इशारा. नॅव्हिगेटरने मान खाली घालून नुसतं टिपून घ्यायचं असं नाही. मध्येमध्ये वर बघायचं आणि खटकलं तर विचारायचं. असं काहीसं होतं:

“डावा पाच.”

“पाच? सहा वाटतोय रे. समोर सगळं दिसतंय.”

“इथून दिसतंय. पुढे बघ, बांध संपतो ना, तिथे आवळतोय तो.”

“मग पाच, टाइटन्स चार?”

“हां. आणि आधी लाँग लाव.”

शेवटचा शब्द ड्रायव्हरचा, कारण उद्या चाकामागे तो असणार आहे. नॅव्हिगेटरने स्वतःच्या मनाने आकडा बदलणं म्हणजे विश्वासघातच.

इथे एक सवय सुरुवातीलाच मोडून टाका. भीती वाटली की नवखे ड्रायव्हर आकडा एक पायरी खाली लिहितात: आहे सहा, लिहिलं पाच, ‘सेफ साइडला असू दे’ म्हणून. स्टेजवर पाच ऐकून त्याने ब्रेक मारला, वळण मोकळं निघालं, जीव हळहळला. असं तीनदा झालं की पुढच्या पाचला तो ब्रेक मारत नाही, आणि तो पाच खरा पाच असतो. आकडा प्रामाणिक ठेवा. भीती वाटत असेल तर त्यासाठी ‘कॉशन’ आहे, उद्गारचिन्ह आहे. एक, दोन, फार तर तीन. किती जोरात जायचं ते ड्रायव्हरचा उजवा पाय ठरवेल. वहीने फक्त रस्ता कसा आहे तेवढंच सांगायचं.

तीन उद्गारचिन्हं स्टेजमध्ये एखाद-दोनदाच दिसली पाहिजेत. पानोपानी धोका लिहिलात तर कोणत्याच धोक्याला किंमत उरत नाही.

चढाचा माथा

क्रेस्टवर वेळ द्या, रेकीतला बराचसा वेळ इथेच जाऊ द्या. माथ्यापलीकडे रस्ता दिसत नाही, आणि गाडी माथ्यावर हलकी होते, म्हणजे टायरची पकड कमी होते, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही अर्धमेले होतात. त्यामुळे माथ्यावर काय करायचं ते माथ्याच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. नोटमध्ये तीन गोष्टी हव्यात: माथा सरळ आहे की वळणावर आहे, गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला ठेवायची, आणि पलीकडे लगेच काय आहे.

खांब आणि झाडांची रांग यांच्यावर भरवसा ठेवू नका. विजेचे खांब शेतातून सरळ निघून जातात आणि रस्ता माथ्यापलीकडे हळूच डावीकडे वळलेला असतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं रस्ता खांबांबरोबरच चाललाय. मोठ्या रॅलींतसुद्धा गाड्या अशाच फसतात. माथ्यावर पोहोचल्यावर क्षणभर मागे वळून पाहा, ज्या खुणेवर तुम्ही येताना नेम धरला होता ती खूण रस्त्याच्या संदर्भात कुठे आहे ते तपासा.

माथा उंच आणि वेग जास्त असेल तर त्याचा जंप होतो. फिनलंडच्या रॅलीतल्या ओउनिनपोह्या स्टेजवर २००३ मध्ये एस्टोनियाच्या मार्को मार्टिनने ताशी १७१ किलोमीटर वेगाने ५७ मीटरची उडी मारली होती. म्हणजे लोकलचे जवळजवळ तीन डबे. आपल्याला तितकं उडायचं नाही, पण हिशोब तोच: उडीनंतरचं अंतर गाडी जमिनीला टेकते तिथून मोजा, माथ्यापासून नाही. नाहीतर वहीत ८० असतं आणि ब्रेक लावायला प्रत्यक्षात ४० उरतात.

वहीचं एक पान

खरी वही बहुतेक जण रोमन अक्षरांत आणि चिन्हांत लिहितात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून डाव्याला ‘डा’ आणि उजव्याला ‘उ’ लिहितो. माळरानावरचा कच्चा रस्ता आहे असं समजा:

१५० उ ६ ओव्हर क्रेस्ट, कीप उजवी
८० डा ५ लाँग > ४, डोन्ट कट, इनटू
उ ३ ! आत दगड
४० डा ६ फ्लॅट

पहिली ओळ: दीडशे मीटर सरळ, मग माथ्यावरचा उजवा सहा, गाडी उजवीकडे धरून ठेव. उजवीकडेच का? माथ्यावर गाडी हलकी होऊन बाहेर, म्हणजे डावीकडे सरकणार. आणि पुढचं वळण डावं आहे, ते उजव्या कडेवरून घेतलं तरच मोकळं मिळतं. ‘कीप उजवी’ हे दोन शब्द नसतील तर ड्रायव्हर बरोबर आकडा ऐकूनही चुकीच्या जागी पोहोचतो.

दुसरी ओळ या पानाचा जीव आहे. डावा पाच, लांब, चारपर्यंत आवळणारा. आतल्या कडेला गवतात मोरीचा कठडा लपलाय म्हणून वळण आतून कापायचं नाही. आणि ‘इनटू’, म्हणजे श्वास घ्यायलाही जागा न देता उजवा तीन. उजव्या तीनसाठीचा ब्रेक सरळ रस्त्यावर मिळणारच नाही. तो डाव्या वळणातच, गाडी वळलेली असतानाच लावावा लागणार. म्हणून ड्रायव्हरला तीनची खबर पाचात शिरण्यापूर्वी हवी. दुसरी आणि तिसरी ओळ एका दमात वाचायची, मध्ये थांबायचं नाही. असं जोडून वाचायचं असेल तिथे शेजारी कंस काढून ठेवा. चौथ्या ओळीतला ‘फ्लॅट’ म्हणजे पाय न उचलता निघणारं वळण.

आता वेळेचा हिशोब करा. माथ्यावर गाडी ताशी १५० ने येते असं धरलं तर पुढचे ८० मीटर दोन सेकंदांच्या आत संपतात. ‘लेफ्ट फाइव्ह लाँग टाइटन्स फोर, डोन्ट कट, इनटू राइट थ्री, कॉशन, स्टोन इनसाइड’ हे स्पष्ट म्हणायला चारेक सेकंद लागतात. म्हणजे माथा ओलांडल्यावर सुरुवात केलीत तर संपलंच. ही ओळ गाडी अजून दीडशेच्या सरळ तुकड्यावर असतानाच तोंडातून निघाली पाहिजे. आणि पहिली ओळ? ती त्याच्याही आधी, मागच्या वळणातून बाहेर पडताना.

पान कसं मांडायचं त्याचीही थोडी शिस्त आहे. अक्षर मोठं, एका पानावर सात-आठ ओळी, कागदाची एकच बाजू, वर स्टेजचं नाव आणि पान क्रमांक. स्प्रिंगची वही, मऊ शिशाची पेन्सिल. शाईचा पेन पावसात रडतो. पान उलटायची जागा लांब सरळ रस्त्यावर यायला हवी, त्यासाठी पान अर्धं रिकामं राहिलं तरी राहू द्या.

दुसरी फेरी

आता भूमिका बदलतात. नॅव्हिगेटर स्टेजवर वाचेल तसं वाचतो, ड्रायव्हर ऐकत चालवतो आणि खटकेल तिथे दुरुस्ती सांगतो. इथे नव्याने नोट्स लिहायच्या नसतात, तपासायच्या असतात. नियम परवानगी देत असतील तर काचेवर कॅमेरा लावा आणि रात्री खोलीवर दोघांनी बसून पाहा. पण रात्री व्हिडिओ बघून सहाचा ‘सहा अधिक’ करण्याचा मोह आवरा. कॅमेऱ्यात चढ-उतार सपाट दिसतात आणि रस्ता असतो त्यापेक्षा रुंद वाटतो.

वाचायचं कधी

नवखा नॅव्हिगेटर ‘काय वाचायचं’ यात अडकतो. मुरलेला ‘कधी’ यात. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन दादर’ ही घोषणा दादरच्या फलाटावर झाली तर तिचा उपयोग काय? ती आधीचं स्टेशन सुटल्यावर झाली की लोक दाराकडे सरकायला लागतात. नोटचंही तसंच. ड्रायव्हर एका वळणात शिरून त्याचं काय करायचं ते ठरवून मोकळा झाला, की त्याच क्षणी त्याच्या डोक्यात पुढच्या वळणाची जागा रिकामी होते. ती भरायची.

वेग वाढला की हा क्षण पुढे ओढावा लागतो. हेअरपिनांच्या मालिकेत एक वळण पुढे असलेलं पुरतं, उलट फार आधी सांगितलं तर ड्रायव्हर विसरतो. वेगवान तुकड्यात दोन, कधी तीन वळणं पुढे राहावं लागतं. एकाच स्टेजमध्ये ही लय सतत बदलते आणि ती बसायला दोघांनी एकत्र बरेच किलोमीटर घालवावे लागतात. वाचन फार आधी येत असेल तर ड्रायव्हरने ‘थांब’, उशिरा येत असेल तर ‘पुढे’ एवढंच ओरडायचं, वाद नंतर.

वहीतून डोळे काढून सारखं वर बघत राहिलात तर ओळ हरवते. अजिबात बघितलं नाही तर गाडी कुठे आहे ते कळत नाही. अनुभवी नॅव्हिगेटरला ते बरंचसं बुडाखालून कळतं: ब्रेकचा धक्का, गाडीचा कल, माथ्यावर पोटात येणारा गोळा. बोट ओळीवर ठेवा, वळण संपलं की बोट खाली सरकवा आणि सरळ रस्ता आला की एक नजर वर टाका.

आवाज सपाट ठेवा. आवाज चढवायचा तो फक्त कॉशनला. जो पहिल्या मीटरपासून किंचाळतो त्याच्याकडे खऱ्या धोक्यासाठी आवाजच उरत नाही. २०२२ च्या माँटे कार्लो रॅलीत सेबास्तियन लोएबच्या शेजारी बसून जिंकलेली इझाबेल गाल्मिश शाळेत गणित शिकवते. मला यात नवल वाटत नाही. भरलेल्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत शांत आवाजात ऐकू जाणं हे कौशल्य इथेही लागतं.

इंटरकॉमची सोय नव्हती तेव्हाही लोकांनी मार्ग काढला होताच. १९५५ च्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा पत्रकार बसला होता. इटलीतल्या सुमारे १,६०० किलोमीटर रस्त्याच्या नोट्स त्याने पाच मीटरच्या आसपास लांबीच्या कागदी गुंडाळीवर लिहून ती एका डबीत बसवली होती. तो ती फिरवत जायचा. मर्सिडीजच्या आवाजात बोलणं ऐकू येणं अशक्य, म्हणून दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. ती शर्यत त्यांनी १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत, ताशी १५७ किलोमीटरहून जास्त सरासरीने जिंकली.

ओळ हरवली तर

हरवणार. प्रत्येकाची हरवते. तेव्हा अंदाजाने काहीतरी बोलू नका. ताबडतोब ‘नोट नाही’ किंवा तुमचा जो शब्द ठरला असेल तो म्हणा. ड्रायव्हर पाय उचलेल आणि दिसेल तेवढाच रस्ता चालवेल. तुम्ही वहीत पुढची ठळक खूण शोधा: हेअरपिन, पूल, चौक, देऊळ. ती खूण आली की तिथून वाचायला लागा. यात पाच-दहा सेकंद जातील. चुकीची ओळ ठामपणे वाचण्यात काय जाईल ते सांगायला नको. म्हणूनच रेकीत दर किलोमीटर-दोन किलोमीटरला एक ठळक खूण लाल रंगाने गोल करून ठेवावी.

मुंबईत सराव कसा करायचा

शहरात स्टेज नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर वेगाने सराव करायचा विचारही नको. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यती आणि वेगाच्या चाचण्यांसाठीच आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुमच्या वहीत काय लिहिलंय ते माहीत नसतं.

सुदैवाने नोट्स लिहायचा सराव कायदेशीर वेगातच होतो, कारण खरी रेकीही त्याच वेगात होते. मरीन ड्राइव्हपासून सुरुवात करा. नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे येताना तो अख्खा रस्ता एक प्रचंड लांब डावा सहा आहे, चौपाटीजवळ जरा आवळणारा. तो लिहून बघा. ‘लांब’ या शब्दाला किती पायऱ्या लागतात ते तिथे कळेल. आरे कॉलनीतून गोरेगाव ते पवई या रस्त्यावर चार आणि पाचमधला फरक शिकता येतो, सकाळी लवकर गेलात तर. खरा अभ्यास मात्र जव्हार-मोखाड्याकडच्या रस्त्यांवर: चढ, माथे, आवळणारी वळणं, मोऱ्या, सगळं एकाच तासात. माळशेज पावसाळ्यातल्या रविवारी टाळा; तिथे वळणांपेक्षा भजीच्या गाड्याच जास्त लिहाव्या लागतील. जाताना लिहा, परत येऊन तोच रस्ता वाचत जा आणि पाहा, वाचलेलं आणि आलेलं जुळतं का.

गाडीत वाचताना मळमळणं हा नॅव्हिगेटरचा सगळ्यात मोठा शत्रू. कसारा घाटात एसटीत ज्यांना पिशवी लागायची त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी पोट रिकामंही नको आणि वडापावने भरलेलंही नको. खिशात आल्याच्या वड्या ठेवा. घाटातल्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून दहा-दहा मिनिटं वाचायची सवय हळूहळू वाढवत न्या, बहुतेकांना जमतं. ज्यांना काही केल्या जमत नाही त्यांनी ते लवकर ओळखावं, त्यात लाज नाही.

घरबसल्या करता येण्यासारखंही बरंच आहे. ऑनबोर्ड व्हिडिओचा आवाज बंद करा, स्वतः नोट्स लिहा, मग आवाज सुरू करून ताडून पाहा. आकडे जुळणार नाहीत, प्रत्येकाची शिडी वेगळी. क्षण जुळतो का ते पाहायचं. ‘डर्ट रॅली २.०’ या खेळात नोट्स वाचणारा आवाज फिल मिल्सचा आहे, जो २००३ मध्ये पेटर सोल्बर्गच्या शेजारी बसून विश्वविजेता झाला होता. तो कुठल्या क्षणी बोलतो ते कान देऊन ऐकण्यासारखं आहे.

नोट्सच्या पलीकडचं काम

स्टेज ते स्टेज जाताना वेगळी वही असते, रोडबुक; त्यात चौकांची चित्रं आणि अंतरं असतात, आणि तिथे साध्या वाहतुकीचे नियम लागू होतात. टाइमकार्ड, म्हणजे वेळा नोंदवायचं कार्ड, सांभाळणं नॅव्हिगेटरकडे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या ठिकाणी, उशीर झाला तर दर मिनिटाला १० सेकंदांचा दंड, आणि लवकर गेलात तर दर मिनिटाला तब्बल एक मिनिटाचा. उशिरापेक्षा घाई महाग पडते.

गाडी पडली, उलटली, अडकली तर आधी दोघंही ठीक आहात का ते पाहा. मागून पुढची गाडी एक-दोन मिनिटांत येणार आहे. लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे, येणाऱ्याला दिसेल असा ठेवा. वैद्यकीय मदत नको असेल तर ‘ओके’चा फलक दाखवा, हवी असेल तर लाल ‘एसओएस’. फलक कुठे ठेवलाय ते पट्टे बांधलेल्या अवस्थेत, डोळे मिटून हाताला लागलं पाहिजे. हा सराव गॅरेजमध्ये करा.

स्टेज संपली की फ्लाइंग फिनिश, म्हणजे वेगात ओलांडायची शेवटची रेषा, ओलांडल्यावर लगेच थांबायचं नसतं. थोडं पुढे स्टॉप कंट्रोल असतो. तिथे वेळ लिहून घेतल्यावर, पुढच्या रस्त्याला लागायच्या आधी, ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारा: कुठे खटकलं? तो सांगेल, “माथ्यानंतरचा पाच, अधिक होता तो” किंवा “त्या तीनला अजून आधी बोल”. तेव्हाच पेन्सिलने टिपून घ्या. अर्ध्या तासाने सर्व्हिसमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्तीच्या थांब्यावर, चहा पिताना विचारलंत तर त्याला आठवत नाही, आणि हीच स्टेज बहुतेक वेळा दुपारी पुन्हा चालवायची असते. दुपारी रस्ताही सकाळचा नसतो. कच्च्या रस्त्यावर आधीच्या गाड्यांनी सुटी खडी झाडून नेलेली असते आणि खाली खोल चाकोऱ्या पडतात. डांबरी रस्त्यावर उलटं. गाड्यांनी वळणं कापून कडेची माती रस्त्यावर आणलेली असते. माँटे कार्लोत तर बर्फ कुठे आहे ते पाहायला संघ स्टेजच्या आधी वेगळी गाडी पाठवतात आणि तिच्या माहितीवरून वहीत खुणा करतात. तुमच्याकडे ती चैन नसेल. सकाळी ज्या वळणांना ‘कट’ लिहिलं होतं, त्या ओळींपुढे दुपारच्या फेरीआधी ‘चिखल’ किंवा ‘चाकोरी’ लिहायची तेवढी तसदी घ्या.